ओंडक्यांच्या वाटा: ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्रॅव्हल मार्गांची पार्श्वभूमी

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातला ब्लॅक फॉरेस्ट हा उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटर पसरलेला डोंगरी पट्टा. सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग, १४९३ मीटर. म्हणजे डोंगर काही लहान नाहीत. तरीही इथे ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, चालवणाऱ्यांना चढ लांबलचक वाटतो, पण अंगावर येत नाही. रस्ता डोंगराच्या कडेने वळसे घेत एकसारख्या चढाने वर जातो, मध्येच छाती फोडणारा टप्पा सहसा येत नाही. याचं श्रेय पर्यटन खातं आनंदाने घेतं. खरं तर ते लाकूड वाहणाऱ्यांना जायला हवं.

सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंडला जहाजं बांधायची होती आणि दलदलीत इमारती उभ्या करायच्या होत्या. त्यासाठी लांब, सरळ फरची झाडं ब्लॅक फॉरेस्टमधून जात. सर्वांत उत्तम खोडांना इथे ‘हॉलंडर’ असंच म्हणायचे. झाड पाडलं की ते लाकडी घसरणीवरून दरीत सोडायचं, ओढ्यावर बांध घालून पाणी तुंबवायचं आणि मग एकदम सोडून त्या लोंढ्याबरोबर ओंडके खाली न्यायचे. मुर्ग, किन्झिग, एन्झ, नागोल्ड या नद्यांवर त्यांचे तराफे होत. ऱ्हाइनवर पोचल्यावर हेच तराफे एकमेकांना जोडून इतके प्रचंड केले जात, की एकेकावर शेकडो माणसं काम करत आणि तिथेच राहत. मुर्ग खोऱ्यातल्या लाकूड व्यापाऱ्यांची ‘मुर्गशिफरशाफ्ट’ ही संघटना इतकी जुनी, की तिची नियमावली १४८८ सालची आहे.

या सगळ्या धंद्याला रस्ता जवळजवळ लागतच नव्हता. पाणी आणि उतार ही दोनच साधनं पुरत. कोळसा पाडणारे, काच करणारे, गुरं चारणारे यांच्या पायवाटा होत्या, पण आजच्यासारखं जंगलभर पसरलेलं रस्त्यांचं जाळं नव्हतं.

एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत डोंगरच्या डोंगर बोडके झाले होते. बाडेन संस्थानाने १८३३ मध्ये वनकायदा केला, तोडीवर बंधनं आली आणि लागवड सुरू झाली. लवकर वाढतो म्हणून स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष लावला गेला. आज आपल्याला जे ‘अस्सल’ काळं जंगल वाटतं, त्यातलं बरंचसं त्या लागवडीचं आहे. मग रेल्वे आली. डोंगर पोखरून, वळसे घेत जाणारा इंजिनियर रॉबर्ट गेर्विगचा लोहमार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला आणि तराफ्यांचा धंदा शतक संपता संपता बसला. आता ओंडका नदीपर्यंत नव्हे, स्टेशनपर्यंत न्यायचा होता, तोही बैलांच्या किंवा घोड्यांच्या गाडीतून.

ग्रॅव्हल मार्गांचा खरा जन्म इथे आहे. भरलेल्या गाडीला तीव्र उतार चालत नाही. ती जनावरांच्या अंगावर येते. म्हणून चढ बेताचा ठेवावा लागला. लांब खोड वळणावर अडू नये म्हणून वळणं रुंद ठेवावी लागली. वजनाने चाकं रुतू नयेत म्हणून खडीचे थर देऊन, वर बारीक चुरा टाकून, पाणी मारून तो दाबावा लागला. स्कॉटलंडच्या जॉन मॅकअॅडमने लोकप्रिय केलेल्या पद्धतीची ही भावंडंच. डांबर नाही, सिमेंट नाही; खडी आणि चुरा एकमेकांत घट्ट बसतात, एवढ्यावर रस्ता टिकतो.

सायकलच्या इतिहासाचाही या जंगलाशी गंमतीशीर संबंध आहे. कार्ल ड्राइस, ज्याच्या दोनचाकी ‘धावयंत्रा’पासून सायकलची वंशावळ सुरू होते, तो बाडेनचा वनाधिकारी होता. वनविद्या शिकून नोकरीला लागला, पण लक्ष यंत्रांत. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइममधून निघाला आणि वाटेतल्या एका घोडे बदलण्याच्या ठाण्यापर्यंत जाऊन तासाभराच्या आत परतला. यंत्र लाकडी, पेडल नाही, पायाने जमीन रेटायची. त्याच वर्षी त्याने गेर्न्सबाखहून डोंगर ओलांडून बाडेन-बाडेन गाठलं. गेर्न्सबाख हे मुर्ग खोऱ्यातल्या त्याच लाकूड व्यापाऱ्यांचं गाव. गाडीरस्त्यांवर चाकोऱ्या पडलेल्या असत, म्हणून हे नवे स्वार पादचाऱ्यांच्या वाटेवर चढू लागले आणि डिसेंबर १८१७ मध्ये मानहाइमने त्याला बंदी केली. सायकलवाला आणि पायी चालणारा यांचं भांडण सायकलइतकंच जुनं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

चालणाऱ्यांनी मात्र आपली बाजू लवकर बांधली. ‘श्वार्त्सवाल्डफेराइन’ ही जर्मनीतली सर्वांत जुनी पदभ्रमण संघटना १८६४ मध्ये स्थापन झाली. तिने १९०० मध्ये फोर्झहाइम ते बाझेल हा सुमारे २८५ किलोमीटरचा ‘वेस्टवेग’ आखला. त्याची तांबडी, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आजही झाडांवर दिसते. अरुंद, मुळांनी भरलेल्या पायवाटा चालणाऱ्यांच्या, रुंद रस्ते लाकूडवाल्यांच्या, अशी वाटणी तेव्हाच पडत गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यातल्या या भागात युद्धभरपाईपोटी अफाट तोड झाली. पुन्हा बोडके डोंगर, पुन्हा लागवड. रोपं लावण्याचं कष्टाचं काम मुख्यतः बायकांनी केलं. देशभरच्या अशाच बायकांची आठवण म्हणून १९४९ पासूनच्या ५० फेनिगच्या नाण्यावर गुडघे टेकून ओकचं रोप लावणारी स्त्री होती. युरो येईपर्यंत ते नाणं लोकांच्या खिशात खुळखुळत होतं. पुढच्या दशकांत बैलगाडीची जागा ट्रकने घेतली, बुलडोझर आले आणि जुने रस्ते रुंद करून नव्याने बांधले गेले. आजचं जाळं बहुतांशी त्या काळातलं.

असा एखादा रस्ता जरा खाली वाकून बघण्यासारखा असतो. मध्यभाग किंचित फुगीर, पाणी दोन्ही बाजूंना उतरावं म्हणून. डोंगराच्या बाजूला चर, ठरावीक अंतरावर रस्त्याखालून काढलेली मोरी. दोन चाकांच्या पट्ट्या चेपून गुळगुळीत, मध्ये गवताची रेघ. ग्रॅव्हल बाइकचं ४०-४५ मिलिमीटरचं टायर या पट्टीवर सुखाने धावतं. कडेला ओंडक्यांची थप्पी, प्रत्येक थप्पीवर रंगाने मारलेले आकडे आणि ओल्या सालीचा वास. पण तोड नुकतीच झालेली असेल, तर तोच रस्ता वैरी होतो: अवजड यंत्रांनी उखडलेला चिखल, नाहीतर दुरुस्तीसाठी ओतलेली मोठी, सुटी खडी, जिच्यात पुढचं चाक बुडतं. आणि काही रस्ते अचानक एका गोल मोकळ्या जागेत संपतात. नकाशा चुकलेला नसतो. तिथे ट्रक वळतो, तेवढ्याचसाठी ती जागा. पुढे जायचं कारण लाकडाला कधी पडलंच नाही.

१९९५ हे साल इथल्या सायकलवाल्यांच्या दृष्टीने मोठं विचित्र. त्या वर्षी माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा ब्लॅक फॉरेस्टमधल्या किर्खत्सार्टनला झाली आणि त्याच वर्षी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने वनकायद्यात ‘दोन मीटरचा नियम’ आणला: दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर जंगलात सायकल चालवायची नाही. अपवाद मंजूर करून घेता येतो, पण मूळ नियम कायम आहे. माउंटन बाइकवाल्यांनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, विधानसभेपर्यंत अर्ज नेला, नियम हटला नाही. माझ्या मते तो नियम ढोबळ आहे. वाटेची रुंदी मोजून वागणूक कळत नाही. पण त्याचा एक परिणाम कुणी योजला नसेल: जंगलात सायकलीचा हक्काचा रस्ता म्हणजे लाकडाचा रस्ता, हे कायद्यानेच ठरवून टाकलं.

त्यामुळे ग्रॅव्हल बाइक आली, तेव्हा तिच्यासाठी सगळं मांडून ठेवलेलंच होतं. हा प्रकार अमेरिकेतल्या शेतीप्रदेशातल्या कच्च्या रस्त्यांवर वाढला. २००६ मध्ये कॅन्सासमधल्या एम्पोरिया गावी सुरू झालेली शर्यत, आता ‘अनबाउंड’ नावाने ओळखली जाणारी, त्यातली सर्वांत गाजलेली. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पहिली ग्रॅव्हल जगज्जेतेपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत घेतली. ब्लॅक फॉरेस्टला नवे मार्ग बांधावे लागले नाहीत. असलेले रस्ते एकमेकांना जोडून पाट्या लावल्या की काम झालं. फोर्झहाइमहून दक्षिणेला वाल्ड्सहूट-टिंगेनपर्यंत जाणारा सुमारे २८० किलोमीटरचा ‘पॅनोरमा’ सायकलमार्ग आधीपासून होता. माउंटन बाइकसाठी आखलेले लांब पल्ल्याचे मार्गही बरेचसे याच खडीवरून जातात.

२६ डिसेंबर १९९९ ला ‘लोथार’ वादळाने उत्तर ब्लॅक फॉरेस्टमधले स्प्रूसचे पट्टेच्या पट्टे काही तासांत आडवे केले. पडलेलं लाकूड काढायला पुन्हा हेच रस्ते कामी आले. श्लिफकॉप्फ डोंगराजवळचा एक तुकडा मुद्दाम न आवरता ठेवला आहे. त्यातून लाकडी पायऱ्यांची छोटी वाट काढली आहे, पण ती फक्त पायी चालणाऱ्यांची. पुढे १ जानेवारी २०१४ ला सुमारे १०,००० हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान झालं, तेही गावोगावी कडाक्याचा विरोध होऊन. लाकूड न तोडता ते कुजू द्यायचं, ही कल्पना शतकानुशतकं लाकडावर जगलेल्या खोऱ्यांना पटायला जड गेली. तेव्हा उद्यानाचे दोन तुकडे होते, आणि त्यांच्या मधल्या जंगलात मुर्गशिफरशाफ्टची जमीन होती. १४८८ ची नियमावली असलेली ही संघटना अजून लाकूड विकते. फरक इतकाच, की तिच्यात आता राज्य सरकारचा वाटा मोठा आहे.

उद्यानात सायकल ठरवून दिलेल्या वाटांवरूनच न्यायची. बाहेरच्या जंगलात मोकळीक जास्त, पण तिथे तोड चालू असते, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, आणि रस्त्यावर आडवी पट्टी लावून बंदीची पाटी टांगलेली असते. रविवारी यंत्रं बंद दिसली म्हणून पट्टीखालून सायकल काढणारे बरेच. ते करू नये: अर्धवट कापलेलं किंवा दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड कामगार नसतानाही पडू शकतं, आणि ती बंदी सायकलवाल्यालाही लागू असते.