बचावफळी ढासळते कुठून? शंभर वर्षांची पार्श्वभूमी

संघ ओळीने गोल खाऊ लागला की पहिला राग निघतो तो बचावपटूंवर. याचा वेग गेला, त्याचं वय झालं. कधी कधी ते खरंही असतं. पण बचाव फुटतो तो बहुतेक वेळा दोन खेळाडूंमधल्या अंतरात, आणि फुटबॉलचा इतिहास हेच पुन्हा पुन्हा दाखवतो.

१९२५मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे सहकारी पास देताना आघाडीपटू किती पुढे असू शकतो याचा, नियम बदलला. तोवर आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत, आता दोन पुरेसे झाले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत १९२४-२५ला ११९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात १७०३. बचावपटू बव्हंशी तेच, त्यांच्या पाठीमागची मोकळी जागा मात्र वाढली होती. न्यूकॅसलकडून ७-० असा मार खाल्ल्यावर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला (मधल्या फळीतल्या मधोमधच्या खेळाडूला) तिथून काढून थेट दोन फुलबॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, मध्ये आणलं. भगदाड बुजलं.

ते पुन्हा उघडलं १९५३मध्ये, वेम्बलीवर. हंगेरीचा हिदेगकुटी नावाला सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मधोमधचा खेळाडू, पण खेळत होता बराच मागे सरकून. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. त्याच्यामागे जावं तर गोलसमोरची जागा उघडी, जागेवर राहावं तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल केले, हंगेरी ६-३ने जिंकली. यात एकट्या जॉन्स्टनला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या पुढच्या माणसाने मागे यायला हवं होतं.

इटलीने अशा भगदाडांवर कातेनाच्चो नावाची बचावपद्धत वापरली. बचावफळीच्याही मागे एक मोकळा स्वीपर, सुटलेला चेंडू टिपायला. इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ला युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकला, पण १९६७च्या अंतिम सामन्यात सेल्टिकने सतत हल्ले चढवून त्यांना २-१ने हरवलं. नुसतं मागे बसून राहिलं की दडपण वाढतच जातं.

माझ्या मते खरा उपाय सापडला तो एसी मिलानचे प्रशिक्षक आरिगो साकी यांना. त्यांच्या एका सरावात चेंडूच नसे. चेंडू आता कुठे आहे ते साकी सांगत आणि अख्खा संघ त्याप्रमाणे एकत्र सरके. बचावफळीपासून आघाडीपर्यंतचं अंतर सुमारे २५ मीटर, त्याहून जास्त नाही. बारेसी, माल्दिनी हे त्यांचे बचावपटू मोठेच खेळाडू, पण त्यांच्यासमोरचं मैदान आधीच आवळलेलं असे. १९८९ आणि १९९०, सलग दोन युरोपियन कप त्यांनी जिंकले.

म्हणून बचाव सुधारायचा तर सामन्याचं चित्रण गोलच्या क्षणापासून नव्हे, चेंडू हातचा गेला त्या क्षणापासून पाहावं. तिथे आघाडीपटू चालत परत येताना दिसले, तर सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, बदलून काही होणार नाही.