व्हिडिओ गेम मालिकांतील परंपरा आणि नावीन्य

एकाच नावाने वीस-तीस वर्षे निघत राहणाऱ्या व्हिडिओ गेम मालिकांना प्रत्येक नव्या भागाच्या वेळी सोडवावा लागणारा पेच. काय तसेच ठेवायचे, काय मोडायचे? चित्रपटाच्या पुढच्या भागात पात्रे आणि कथा पुढे सरकली की भागते. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याच्या बोटांना लागलेली सवयही पुढे न्यावी लागते. ती मोडली तर जुने लोक चिडतात, जशीच्या तशी ठेवली तर तेच लोक ‘पुन्हा तेच’ म्हणून कंटाळतात. या नोंदीत प्रामुख्याने दोन जपानी मालिका घेतल्या आहेत. निन्टेन्डोची ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी सुरू झाली आणि एनिक्स कंपनीची ‘ड्रॅगन क्वेस्ट’ त्याच वर्षी २७ मे रोजी. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या एकाच यंत्रासाठी, तीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मालिकांनी त्याच पेचाला जवळजवळ उलटी उत्तरे दिली.

परंपरा कुठून येते

परंपरा हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. मालिकेची खूण म्हणून जे मिरवले जाते ते पुष्कळदा कोणी ठरवून घातलेले नसते. यंत्राच्या अडचणीतून काढलेली ती वाट असते. पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ६४ किलोबाइटांत बसवला होता. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोही त्याच्या कित्येक पट मोठा असतो. जपानी कातकाना लिपीतली सगळी अक्षरे ठेवण्याइतकीही जागा नव्हती, म्हणून गेमचे लेखक युजी होरी यांनी मोजकी वीस अक्षरे निवडली आणि राक्षसांची, मंत्रांची नावे तेवढ्यात बसवली. नायकाची पाठमोरी किंवा बाजूने दिसणारी चित्रे परवडत नव्हती. त्यामुळे तो कुठेही चालला तरी तोंड आपल्याकडेच, खेकड्यासारखा. मग तो कोणाशी बोलतोय हे यंत्राला कळावे कसे? ‘बोला’ ही आज्ञा निवडल्यावर कोणत्या दिशेला बोलायचे तेही खेळणाऱ्याने सांगायचे. खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करायला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ लागे. ही हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतली वीस अक्षरे वहीत उतरवून घ्यायची, आणि उतरवताना एक चुकले की आठवडाभराची मेहनत पाण्यात.

यातले काय टिकले आणि काय गेले हे पाहिले की परंपरा म्हणजे निवड असते हे लक्षात येते. खेकड्याची चाल दुसऱ्या भागातच गेली. तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि मंत्राचे काम संपले. पण पांढऱ्या कडेची काळी चौकट, तिच्यातल्या ‘लढा’, ‘मंत्र’, ‘वस्तू’, ‘पळा’ अशा आज्ञा, पातळी वाढल्यावर वाजणारी छोटी तुतारी, आणि हरल्यावर जवळचे निम्मे सोने गमावून पुन्हा उभे राहणे हे सगळे राहिले. वास्तविक तेव्हा ही चौकटही नवलाईचीच होती. ‘अल्टिमा’ या अमेरिकी गेममधला वरून दिसणारा नकाशा आणि ‘विझर्ड्री’ या दुसऱ्या अमेरिकी गेममधली आळीपाळीची लढाई होरींनी एकत्र केली आणि संगणकाचा गंध नसलेल्या मुलांना झेपेल इतकी सोपी केली. आज जो अस्सल जपानी वारसा मानला जातो तो मुळात दोन परदेशी उसनवाऱ्यांचा मेळ आहे.

ड्रॅगन क्वेस्ट: राखलेली चौकट

होरींचे लेखन, अकिरा तोरियामा यांची चित्रे आणि कोइची सुगियामा यांचे संगीत या त्रयीवर मालिका तीन दशके उभी राहिली. चौकट बदलण्याचा विचार झालाच नाही असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये नववा भाग जाहीर झाला तेव्हा त्यात आज्ञा निवडून लढण्याऐवजी प्रत्यक्ष धावत तलवार चालवायची होती. जपानी खेळाडूंनी इतकी नाराजी दाखवली की तो बेत गुंडाळला गेला, आणि जुलै २००९ मध्ये गेम आला तो पुन्हा आळीपाळीची लढाई घेऊनच. पण त्याच भागात चार मित्रांनी आपापली यंत्रे जवळ आणून एकत्र खेळण्याची सोय होती आणि ती सर्वांनी डोक्यावर घेतली. म्हणजे लोकांना बदल नकोच होता असे म्हणता येत नाही. त्यांना हव्या त्या जागी तो हवा होता.

२९ जुलै २०१७ रोजी आलेल्या अकराव्या भागात मालिकेने स्वतःच्या जुनेपणाशी खेळ मांडला. निन्टेन्डो ३डीएस या हातात धरायच्या यंत्रावरच्या आवृत्तीत तोच गेम नव्या त्रिमितीय रूपात किंवा जुन्या ठोकळेदार चित्रांत, हवा तसा खेळता येत होता. १९८८ मध्ये निरुपयोगी झालेला पुनरुज्जीवनाचा मंत्रही परत आणला, गरज नसताना, केवळ आठवणीखातर. (जाता जाता: तिसऱ्या भागाच्या वेळी दुकानांबाहेर लागलेल्या रांगांनंतर जपानी संसदेने हे गेम सुट्टीच्या दिवशीच विकण्याचा कायदा केला, ही गोष्ट अजून फिरते. असा कायदा कधी झाला नाही.)

झेल्डा: मोडलेली चौकट

निन्टेन्डोचे रचनाकार शिगेरु मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात डोंगर-गुहा धुंडाळण्यात गेले, आणि ताकाशी तेझुका यांच्यासोबत केलेल्या पहिल्या ‘झेल्डा’त तेच भटकणे होते. कुठे जायचे ते कोणी सांगत नाही. एखादे झुडूप मेणबत्तीने जाळले की खाली जिना सापडतो, एखादी भिंत बॉम्बने फुटते. दुसरा भाग (१९८७) तर पुष्कळसा बाजूने दिसणारा, अनुभवाचे गुण मोजणारा, म्हणजे पहिल्याच पावलाला फारकत.

पुढे ज्याला ‘झेल्डाचा साचा’ म्हणू लागले तो १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये घडला. तीन पवित्र वस्तू गोळा करा, मास्टर स्वोर्ड ही तलवार मिळवा, मग जग पालटते आणि खरी मोहीम सुरू होते. प्रत्येक तळघरात एक नवे हत्यार सापडणार आणि बहुधा त्याच हत्याराने तिथला राक्षस मरणार. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ने हाच साचा त्रिमितीत आणला. तेव्हा मोठा प्रश्न होता तो शत्रूवर नजर कशी ठेवायची याचा. एक बटण दाबून धरले की नजर शत्रूवर खिळते आणि नायक त्याच्याभोवती फिरू लागतो, हा त्यावरचा उपाय पुढे बहुतेक सगळ्या त्रिमितीय लढायांनी उचलला.

साचा घट्ट झाला तशी त्याच्याशी झटापटही सुरू झाली. झेल्डाच्या चमूतल्या एजी आओनुमा यांना ‘ओकारिना’च्याच तळघरांची फेरमांडणी करायचे काम दिले होते. त्यांनी नको म्हटले, तेव्हा वर्षभरात नवा गेम करून दाखव अशी अट मियामोतोंनी घातली. त्यातून तीन दिवसांत चंद्र आदळणार असलेल्या जगाचा ‘मजोराज मास्क’ (२०००) निघाला. जुनीच पात्रे, जुनीच चित्रे वापरून केलेला हा भाग मालिकेतला सर्वांत विचित्र ठरला, आणि माझ्या मते सर्वांत धीटही. नंतर ऑगस्ट २००१ मध्ये ‘विंड वेकर’ची झलक दाखवली गेली. आदल्या वर्षी वास्तवदर्शी तलवारबाजी पाहून आशा लावून बसलेल्यांना आता मोठ्या डोळ्यांचा, कार्टूनमधून उतरल्यासारखा नायक दिसला. ओरड झाली. २००४ मध्ये गंभीर, करड्या छटांचा पुढचा भाग दाखवला तेव्हा सभागृहातले लोक उभे राहून ओरडले, आनंदाने. आज मात्र ‘विंड वेकर’ची चित्रे ताजी वाटतात आणि तो ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२००६) त्याच्या काळाचा दिसतो.

जानेवारी २०१३ मध्ये आओनुमांनी जाहीर केले की झेल्डात गृहीत धरलेल्या गोष्टी पुन्हा तपासून पाहायच्या आहेत. तळघरे ठरावीक क्रमानेच करायची आणि एकट्यानेच खेळायचे, या दोन गोष्टींचा त्यांनी उल्लेख केला. (दुसरीला पुढच्या मोठ्या गेममध्ये कोणी हात लावला नाही.) त्याच वर्षीच्या ‘अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’मध्ये रंगीत तालीम झाली. हत्यारे दुकानातून भाड्याने घ्या आणि हवे त्या तळघरात हवे तेव्हा जा.

३ मार्च २०१७ रोजी आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने साचा पुरता मोडला. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. मुख्य साधने सुरुवातीच्या पठारावरच हातात येतात, नंतर नुसता प्रदेश पसरलेला असतो. वाटले तर थेट शेवटच्या शत्रूकडे चालत जाता येते. तळघरांच्या जागी १२० छोटी देवालये आणि चार यांत्रिक प्राणी. पण खरे नवेपण आग, वारा, पाणी, वीज यांना लावून दिलेल्या नियमांत होते. गवत पेटवले की गरम हवा वर उठते आणि तिच्यावर छत्री उघडून आपण उंच जातो. वादळात पाठीवर लोखंडी तलवार असली की तिच्यावर ठिणग्या तडतडू लागतात. ती वेळीच काढून ठेवली नाही तर वीज डोक्यात. तीच तलवार शत्रूच्या पायाशी फेकली तर वीज त्याच्यावर पडते. हे कोडे कोणी मांडलेले नसते आणि उत्तरही कुठे लिहिलेले नसते.

यातली गंमत अशी की हा सगळ्यांत नवा झेल्डा सगळ्यांत जुन्या झेल्डासारखा आहे. १९८६ मध्ये पहिल्याच पडद्यावर एक काळे भुयार दिसते, आत एक म्हातारा, आणि तो तलवार देतो. २०१७ मध्ये नायक गुहेत जागा होतो, धावत बाहेर येतो, समोर सगळा मुलूख उघडतो आणि उजवीकडे शेकोटीशी एक म्हातारा बसलेला असतो. बनवणाऱ्यांनी आपल्या कल्पना पहिल्या गेमसारख्या सपाट, द्विमितीय नमुन्यावर आधी तपासल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१७ च्या विकसकांच्या परिषदेत त्यांनी तो दाखवलाही. तेव्हा ‘परंपरा मोडली’ म्हणून ज्यांनी कुरकुर केली त्यांची परंपरा १९९१ ची होती, मालिकेची नव्हे. कुरकुर सगळीच चुकीची नव्हती. मोडणारी हत्यारे, पावसात घसरणारे कडे आणि एकसारखी दिसणारी देवालये यांचा वैताग येतोच. खप मात्र तीन कोटींच्या वर गेला, तर ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चा एक कोटीच्या आत राहिला होता.

इतर वाटा

कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ची (१९९६) गोष्टही अशीच. आधीच रंगवून ठेवलेल्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा एका जागी खिळलेला असे आणि दाराआड काय आहे ते दिसत नसे. ती तांत्रिक अडचणच भीतीचे भांडवल झाली. चौथ्या भागाने (२००५) कॅमेरा खांद्यामागे आणला, पुढे सहाव्यापर्यंत (२०१२) भयाची जागा मारधाडीने घेतली. सातव्या भागात (२०१७) दृश्य नायकाच्या डोळ्यांतून दिसू लागले, म्हणजे बाहेरून सगळेच बदलले. आत मात्र एक बंद घर, मोजक्या गोळ्या आणि किल्ल्यांची शोधाशोध हे मूळचे सामान परत आले.

जुन्या भागांची पुनर्निर्मिती हा अलीकडचा सोयीचा मार्ग. परंपरेचे देणे तिथे फेडायचे आणि क्रमांकाच्या नव्या भागात हात मोकळे ठेवायचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या रूपात आला. ‘फायनल फँटसी ७’च्या २०२० च्या पुनर्निर्मितीत कथाच वळवलेली आहे.

महाराष्ट्रात या दोन्ही मालिका उशिरा पोचल्या. नव्वदीच्या दशकात घरोघरी आलेल्या नकली ‘टीव्ही गेम’च्या ‘९९९९ इन १’ कॅसेटांत मारिओ आणि काँट्रा असत. वाचत वाचत, जपून ठेवत महिनाभर खेळायचे गेम त्यांत बसणारे नव्हते. त्यामुळे इथल्या अनेकांचा पहिला झेल्डा म्हणजे थेट २०१७ चा. त्यांच्या लेखी मोडणारी तलवार आणि मोकळा मुलूख हीच मालिकेची रीत, आणि क्रमाने उघडणारी तळघरे त्यांना नवखी वाटतात. निन्टेन्डोतही ती रीत बसू लागली आहे. मे २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ त्याच मुलखात, त्याच नियमांवर उभा आहे, वर आकाशातली बेटे आणि खाली काळोखी पाताळ जोडून. २०२४ च्या ‘एकोज ऑफ विझ्डम’मध्ये तळघरे परतली, पण मालिकेला नाव देणारी राजकन्या झेल्डा मुख्य नायिका झाली. पहिल्या गेमनंतर अडतीस वर्षांनी.