चरणारी पाळीव कासवे : आहार व पचनाचे आरोग्य

गवत हे मुख्य अन्न असलेल्या जमिनीवरील कासवांना चरणारी कासवे म्हणतात. मुंबईतल्या घरांत दिसणारे असे कासव म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेचे सल्काटा. तळहातावर मावणारे पिल्लू मोठेपणी ४० किलोंच्या पुढे जाते, याचा विचार ते आणण्यापूर्वीच करायला हवा. परदेशी जात म्हणून त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. भारतीय स्टार कासवही गवत खाते, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते बाळगणे गुन्हा आहे.

कासवाला दात नसतात. चोचीने तोडलेला घास तसाच गिळला जातो. खरे पचन मोठ्या आतड्यात होते. तिथले सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्ले कासवाला ऊर्जा देतात. म्हणजे कासवाला खाऊ घालताना आधी या सूक्ष्मजीवांना खाऊ घालायचे असते. खाल्लेले अन्न बाहेर पडायला तापमानानुसार काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत हे काम मंदावते आणि अन्न पोटातच कुजू लागते. दिवसा २८ ते ३२ अंश सेल्सिअस आणि उष्णतेच्या दिव्याखाली ३५ ते ३८ अंश ऊब मिळावी.

आहाराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग गवताचा असावा. हरळी उत्तम, मारवेलही चालते. दादरच्या फूलबाजारातल्या दूर्वांच्या जुड्या नीट धुऊन द्याव्यात. रस्त्याकडेचे किंवा धूरफवारणी झालेल्या आवारातले गवत टाळावे. पिल्लांसाठी ते एक-दोन सेंटिमीटर कापून ओले करावे. उरलेल्या भागात जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने आणि काटे काढलेला फड्या निवडुंग द्यावा. लसूणघासात (अल्फाल्फा) प्रथिने जास्त असल्याने तो क्वचितच द्यावा. पालक, चुका, घोळ यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून या भाज्या रोजच्या नसाव्यात. गॅलरीतला मनी प्लँट, डिफेनबॅकिया आणि कण्हेर कासवाच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.

सर्वाधिक बिघाड प्रेमापोटी होतो. काकडी, टोमॅटो, केळे, आंबा कासव आवडीने खाते म्हणून रोज दिले जातात. साखर वाढली की आतड्यातला समतोल ढळतो, एकपेशीय परजीवी फोफावतात, वायू धरतो आणि पातळ, दुर्गंधीयुक्त विष्ठा होते. पोळी, भात, पनीर, कुत्र्या-मांजरांचे खाद्य तर मुळीच देऊ नये. गोडाची सवय सोडवताना आवडता पदार्थ बारीक चिरून गवतात मिसळावा आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे प्रमाण शून्यावर आणावे.

आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवे. समुद्रफेनाचा (कटलफिशच्या कॅल्शियमयुक्त कवचाचा) तुकडा कायम ठेवला की कासव गरजेप्रमाणे कुरतडते. मात्र यूव्हीबी (अतिनील-बी किरण देणारा) दिवा किंवा थेट ऊन नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी निरुपयोगी आहे. पिल्लांना रोज १५-२० मिनिटे, हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात बसवावे. त्यांची विष्ठा बहुधा तिथेच पडते, त्यामुळे ती तपासणेही सोपे जाते.

घट्ट, गडद, तंतू दिसणारी विष्ठा निरोगी असते. लघवीसोबत येणारा पांढरा मऊ लगदा स्वाभाविक. तो खरखरीत झाला तर पाणी कमी पडते आहे आणि मूत्राशयात खडा होण्याचा धोका आहे. वाळू किंवा बारीक खडीवर अन्न ठेवल्यास ती पोटात साठून आतडे तुंबते, म्हणून फरशीच्या तुकड्यावर किंवा पसरट थाळीत खायला द्यावे.

पावसाळ्यात गवताची बांधलेली पेंढी आतून तापते आणि तिला बुरशी धरते. ती आणल्याबरोबर सोडून पंख्याखाली पसरावी. कुबट वास आला तर फेकून द्यावी.

विष्ठेत थोडे सूतकृमी सापडणे म्हणजे आजार नव्हे. भूक मंदावली, वजन घटले किंवा विष्ठा सतत पातळ राहिली तर ताजा नमुना सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावा आणि जंताचे औषध त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. कुत्र्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नये. त्याने पक्षाघात होऊन कासव दगावते.