ध्वनिआघात

ध्वनिआघात : अचानक झालेल्या प्रचंड आवाजाने अंतर्कर्णाला, आणि काही वेळा कानाच्या पडद्याला व त्यामागच्या हाडांना होणारी इजा. फटाका, बंदुकीची गोळी, सिलिंडरचा किंवा बॉम्बचा स्फोट, कानाशी फुटलेला टायर ही नेहमीची कारणे. डॉक्टर याला ‘अकूस्टिक ट्रॉमा’ म्हणतात. रुग्ण सांगतो ते मात्र ‘कानाला दडा बसलाय’ किंवा ‘कानात शिटी वाजतेय’ असे. गिरणगावात साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, वर्षानुवर्षे उभे राहून आलेला बहिरेपणा यापासून वेगळा धरतात. तिथे इजा रोज थोडी थोडी साचत गेलेली असते, तर इथे सगळा कारभार काही मिलिसेकंदांत उरकतो.

कानाच्या पडद्यावर आदळलेली लाट हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत कर्णावर्तात, म्हणजे कॉक्लियात पोचते. तिथे प्रत्येक कानात साधारण १५,००० केशपेशी असतात. त्यांतल्या सुमारे ३,५०० आतल्या रांगेतल्या पेशी आवाजाची खबर मेंदूकडे पाठवतात आणि बाकीच्या बाहेरच्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात. मोठा दणका बसला की या पेशींच्या टोकांवरचे सूक्ष्म तंतू वाकतात, तुटतात, कधी पेशीच आधारापासून उखडते. पक्ष्यांमध्ये केशपेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. कानाकडे बचावाची एक सोय आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला इवलासा स्नायू आकसून रिकिबीला ताणून धरतो. पण त्याला त्यासाठी किमान दहा-वीस मिलिसेकंद लागतात, आणि तोवर फटाक्याचा दणका आत पोचून गेलेला असतो.

इजा बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या वारंवारतेच्या, पट्ट्यात होते. तपासणीच्या आलेखावर ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो आणि पुढे ८,००० ला रेष पुन्हा वर येते. बोलण्यातले स्वर खालच्या वारंवारतेचे असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. हरवतात ते स, श, च यांसारखे वर्ण. म्हणून असा माणूस शांत खोलीत दोघांशी बरा बोलतो, पण लग्नाच्या पंगतीत किंवा लोकलच्या डब्यात ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार करतो. घरचे त्याला लक्ष नाही म्हणून बोल लावतात.

इजा झाल्याझाल्या कान बंद झाल्यासारखा वाटतो, आत अखंड कुईं चालू राहते, कधी दुखते, कधी गरगरते. काहींना नंतर भांडी आपटल्याचा साधा आवाजही सोसवत नाही. यातला बराचसा बहिरेपणा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ओसरू शकतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. ‘सुटेल आपोआप’ म्हणून वाट पाहिली जाते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कान गेलेला माणूस भाऊबीज उरकून, कधी तर सुट्टी संपून ऑफिस सुरू झाल्यावर ओपीडीत येतो. कोणाचा कान सुटणार आणि कोणाचा नाही, हे पहिल्या रात्री बाहेरून सांगता येत नाही. ऐकू येणे पूर्ववत झाले तरी सगळे ठीक आहे असेही नाही. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले, की तपासणीत श्रवण पूर्ण भरून आलेले असतानाही केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असू शकतात.

तपासणीत डॉक्टर आधी दुर्बिणीतून पडदा पाहतात. मग ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचे बूड कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि आवाज कुठल्या बाजूला येतो ते विचारतात. दुखऱ्या कानाकडे आला तर दोष पडद्याचा किंवा हाडांचा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे सरकला तर इजा आत झालेली. एका मिनिटाची ही जुनी युक्ती पुढच्या उपचारांची दिशा ठरवते. ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी, त्यानंतर. आतल्या इजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून दिलेले इंजेक्शन, काही ठिकाणी उच्च दाबाचा प्राणवायू वापरतात. यांचा उपयोग किती, याचा पुरावा मर्यादित आहे. पण सुरुवात पहिल्या काही दिवसांतच करावी, यावर फारसा वाद नाही. फाटलेला पडदा लहान असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपण होऊन भरतो. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, नाक जोरात शिंकरायचे नाही. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडण्याचा घरगुती उपाय अशा वेळी सरळ घातक ठरतो, कारण भोक पडलेल्या पडद्यातून ते मधल्या कानात उतरते. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्रे रिक्लमेशनजवळची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांचे निदान, श्रवणयंत्रे आणि पुनर्वसन हे काम करते.

फटाक्यांच्या बाबतीत कायदा काय मोजतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल एआय किंवा १४५ डेसिबल सी शिखर (क्षणिक आवाज मोजण्याच्या दोन पद्धती; शिखर म्हणजे त्या क्षणातली कमाल पातळी) यापेक्षा मोठा आवाज करणारे फटाके बनवायला, विकायला आणि वापरायला बंदी आहे. उघड्यावर अंतर निम्मे झाले की पातळी ढोबळमानाने ६ डेसिबलने चढते. म्हणजे नियमात जेमतेम बसणारा फटाकाही २ मीटरवर १५१ आणि १ मीटरवर १५७ डेसिबलच्या शिखराला पोचतो, आणि क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेघ १४० ची मानली जाते. सुतळी बॉम्ब पेटत नाही म्हणून वाकून वात पाहणाऱ्या मुलाचा कान १ मीटरच्याही आत असतो. चाळीच्या चौकात किंवा दोन इमारतींमधल्या बोळात भिंतींवरून परतणारी लाट त्यात भर घालते. पत्र्याच्या डब्याखाली बॉम्ब लावण्याची हौस तर वेगळीच. तिथे कानाबरोबर डोळ्यावरही बेततं. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने हे शिखर पकडता येत नाही, कारण फोनचा माइक त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो.

बॉम्बस्फोटात आवाजापेक्षा दाबाची लाट जास्त घात करते आणि पडदा हा शरीरातला तिला सर्वांत आधी बळी पडणारा भाग. बंदिस्त जागेत लाट परतून पुन्हा आदळते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये झालेल्या सात स्फोटांत वाचलेल्या अनेकांच्या कानांचे पडदे फाटले होते. अशा वेळी ओरडून विचारलेले जखमीला ऐकू गेले नाही, तर तो भानावर नाही असा समज होण्याचा धोका असतो.

मिरवणुकीतली डीजेची भिंत किंवा ताशाचा तडाखा काटेकोरपणे ध्वनिआघातात मोडत नाही, कारण तो तासन्‌तास चालतो. पण स्पीकरला खेटून नाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोच दडा बसलेला असतो. आवाजाविरुद्धची मुंबईतली लढाई मुख्यतः या प्रकारच्या गोंगाटाची आहे. सुमैरा अब्दुलाली यांचे आवाज फाउंडेशन गणपती-दिवाळीत मोजमाप करून आकडे जाहीर करत आले आहे. २०२० मध्ये पोलिसांनी हॉर्न ८५ डेसिबलवर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणारा प्रयोगही जाहीर केला. पथकातले वादक आणि बंदोबस्तावरचे शिपाई कानात कापसाचे बोळे घालतात. त्याने जेमतेम काही डेसिबल अडतात, नीट बसवलेले फोमचे इअरप्लग २० च्या पुढे अडवतात.

भरपाईच्या आणि सवलतींच्या बाजूने ध्वनिआघाताचे रुग्ण बहुतेकदा कोरडेच राहतात. कामगार कायद्यात गोंगाटाने आलेला बहिरेपणा नोंद करण्याजोगा आजार आहे. रस्त्यावर फुटलेल्या फटाक्याला तसा कुठला मालक नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘कमी ऐकू येणे’ यासाठी दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर किमान ६० डेसिबलची घट लागते. फटाक्याने बहुधा एकाच बाजूचा कान जातो, आणि ४,००० पाशीच खड्डा असलेल्याची सरासरी तिथवर पोचत नाही. एका कानावर आलेल्या माणसाला आवाजाची दिशा कळत नाही. दादरच्या पुलावर कोणी हाक मारली तर वळायचे कुठे, मागून येणारी बाइक कुठल्या अंगाने येतेय, हे त्याला मान फिरवून पाहावे लागते. त्याला प्रमाणपत्र मात्र मिळत नाही.