डेटाबेसचा एरर दिसला? पासवर्डला हात लावू नका

‘भाऊ, साईट उघडत नाही, डेटाबेस कनेक्शनचा एरर येतो.’ आम्ही नागपुरात वेबसाईट बनवतो आणि सांभाळतो; इतवारीतले व्यापारी असोत की धरमपेठेतले क्लासवाले, फोन हाच असतो. बहुतेक वेळा बिघाड किरकोळ असतो. दिवस वाया जातो तो फोन करण्याआधी कोणीतरी सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, जाऊन डेटाबेसचा पासवर्ड बदलून ठेवलेला असतो म्हणून.

हा पासवर्ड दोन ठिकाणी असतो. एक मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसरा साईटच्या कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे साईटच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये. पॅनेलमधून फक्त पहिला बदलतो. कुलूप नवं, किल्ली जुनी. डेटाबेसच्या त्याच युजरवर, म्हणजे त्याच लॉगिनवर, तुमचं बिलिंग किंवा रात्रीचा बॅकअप चालत असेल, तर तेही बंद. मूळ बिघाड जिथल्या तिथेच, वर आम्हाला एकाऐवजी दोन शोधावे लागतात.

एररमधला नंबर वाचा. २००२ म्हणजे पीएचपी, ज्या भाषेत साईट लिहिलेली असते ती, डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. सर्व्हर बंद असेल किंवा कॉन्फिगमध्ये होस्टचं, म्हणजे त्या सर्व्हरचं, नाव चुकलं असेल. इथे पासवर्ड तपासण्याची पाळीच आलेली नसते. होस्टिंगवाल्यांनी तासाभरात सर्व्हर सुरू केला असता आणि साईट आपोआप उघडली असती. पण पासवर्ड बदललेला, म्हणून सर्व्हर आल्यावरही ती बंदच राहते. १०४० म्हणजे एकाच वेळी जास्त कनेक्शन्स झाली. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे आणि निकालाच्या दिवशी ती सहज भरते.

फसवतो तो १०४५. त्यात शेवटी ‘युझिंग पासवर्ड: येस’ असतं. लोकांना वाटतं, पासवर्डचीच तक्रार आहे. त्या ‘येस’चा अर्थ एवढाच की पासवर्ड पाठवला गेला, तो बरोबर की चूक, हे त्यात नाही. होस्टिंग बदललं असेल तर आधी युजरचं नाव बघा. सीपॅनेल त्याच्या सुरुवातीला खात्याचं नाव जोडतं, आणि नव्या होस्टिंगवर ते वेगळं असू शकतं.

कनेक्शन ठीक असून पान अडलं, तर दोष क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, असतो. टेबलमधला कॉलम कोणी काढला, किंवा इंग्रजीत ‘डिसोझा’ लिहिताना मध्ये ॲपॉस्ट्रॉफी आली आणि नाव तिथेच संपलं असं क्वेरीत धरलं गेलं. आम्ही प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स वापरतो, म्हणजे क्वेरी आणि त्यात भरायची माहिती वेगवेगळी पाठवतो, त्यामुळे असल्या नावांनी आमची पानं पडत नाहीत, आणि बाहेरून क्वेरीत घुसायची वाटही बंद होते.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र नोंदी करणं ताबडतोब थांबवा. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील, तर ती अक्षरं बॅकअपशिवाय परत येत नाहीत.

‘तुमची साईट एरर दाखवतच नाही, नुसतं पांढरं पान येतं,’ अशीही तक्रार असते. ते आम्ही मुद्दाम केलेलं आहे. एररमध्ये फाईलचा पत्ता, टेबलांची नावं असतात. ती गिऱ्हाइकाला कशाला दाखवायची? सगळं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. म्हणून बिघाडाची वेळ नेमकी सांगा. लॉगमधलं घड्याळ बरेचदा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं.

जुन्या साईटला नव्या पीएचपीवर आणायचे वेगळे पैसे का, हेही विचारलं जातं. नुसत्या मायएसक्यूएल नावाची जुनी फंक्शन्स २०१५ मध्ये पीएचपी ७ मधून काढून टाकली. नावाच्या शेवटी एक ‘आय’ लावून भागत नाही, कारण नव्या फंक्शनमध्ये कनेक्शन आधी आणि क्वेरी नंतर द्यावी लागते. प्रत्येक ओळ बघावी लागते. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांना हे काम त्यातच मिळतं; इतरांना आधी फाईली बघून रक्कम सांगतो, बघण्याचे पैसे घेत नाही.

फोन करताना एररचा न कापलेला स्क्रीनशॉट, वेळ, आणि त्याआधी काय बदललं हे पाठवा. काही बदललं असेल तर खुशाल सांगा, आम्ही रागावत नाही. पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो कॉन्फिग फाईलमध्ये आहे, आम्ही तिथून वाचतो.