अडवलेला मळ अजून पाण्यातच असतो

मासे आणि प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकखालच्या कपाटात काचेची आणखी एक टाकी असते. तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपातून संपमध्ये उतरतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंपाने परत वर जातं. पाणी उतरतं त्या तोंडाशी प्लास्टिकच्या रिंगमध्ये एक लांबट पिशवी टांगलेली असते, तोच फिल्टर सॉक. माशांची विष्ठा, न खाल्लेलं खाणं, शेवाळाचे तुकडे, खडकावरचा गाळ असं सगळं त्यात अडकतं. दोन दिवसांत पाणी इतकं नितळ होतं की टँक निरोगी असल्याची खात्रीच पटते, आणि मग सॉककडे कोणी पाहत नाही.

खरी गडबड इथेच होते. सॉकने मळ अडवला, पण बाहेर काढला नाही. तो संपमध्येच लोंबकळतो आहे आणि टँकमधलं सगळं पाणी तासाला कित्येकदा त्याच्यातून जातं आहे. सोलकढीसाठी नारळाचा रस काढताना चोथा फडक्यातच राहतो, पण त्यावर पुन्हा पाणी घालून पिळलं की दुसरा, पातळ रस निघतोच. सॉकमधल्या चोथ्यातून असा रस रात्रंदिवस निघत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो पूर्ण विरघळलेला असतो.

त्या रसात असतं काय? खाणं आणि विष्ठा यांतली प्रथिनं जिवाणू कुजवतात, तेव्हा अमोनिया सुटतो. दुसरे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. जोडीला फॉस्फेटही सुटतं. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खत. नितळ पाण्यातही काचेवर दर दोन दिवसांनी हिरवा थर चढत असेल आणि प्रवाळ तपकिरी पडत चालले असतील, तर खाणं कमी करण्याआधी सॉक उचलून त्याचा वास घ्या. ताज्या सॉकला समुद्राचा वास येतो, कुजायला लागलेल्याला गटाराचा.

अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला ऑक्सिजनही खर्च होतो, आणि आपल्या हवेत ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. २८ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात मात्र जेमतेम ६.४ मिलिग्रॅम. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, म्हणजे अशा सुमारे ७०० लिटर समुद्रपाण्यातला झाडून सगळा. हवेतून तो भरून निघत राहतो म्हणून मासे तगतात. पण गोव्यातल्या मे महिन्यात पाणी थंड करणारा चिलर नसेल तर टँकचं पाणी ३० अंशांकडे सरकतं. तेव्हा पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि कुजणं वेगाने होतं. त्यातच आठवडाभर न धुतलेला सॉक आधीच अपुऱ्या ऑक्सिजनमधला वाटेकरी ठरतो.

म्हणून सॉक निवडताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: मी तो किती दिवसांनी उचलणार आहे?

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक फेल्टची, म्हणजे पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरचे धागे सुयांनी एकमेकांत गुंतवून केलेलं जाड, लोकरीसारखं कापड. दुसरी नायलॉनच्या विणलेल्या जाळीची. भिंगाखाली धरलं की फरक लगेच कळतो. जाळीत चौकोनी भोकं सरळ रांगेत असतात. कण भोकापेक्षा मोठा असला तर पृष्ठभागावरच अडतो, नाहीतर पार होतो. फेल्टमध्ये भोक असं नसतंच. वेड्यावाकड्या धाग्यांतून कण आत शिरतो, वळणं घेतो आणि जाडीत कुठेतरी अडकून बसतो. फेल्ट बारीक गाळ अधिक धरतो तो यामुळेच, आणि धुताना जीव खातो तोही यामुळेच. जाळी धुवायला मिनिटभर पुरतं, पण बारीक धूळ तिच्यातून निसटते.

सॉकवर १००, २००, ३०० असे मायक्रॉनचे आकडे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर अंदाज येतो. १०० चा सॉक पाणी जास्त नितळ करतो, पण लवकर तुंबतो. तुंबला की पाणी काठावरून ओसंडून न गाळताच संपमध्ये पडतं आणि आधी अडवलेला गाळही सोबत नेतं. तीन-चार दिवसांनी सॉक बदलणाऱ्याने १०० खुशाल घ्यावा. आठवड्याने बदलणाऱ्याला २०० बरा. त्याहून उशीर होणार असेल तर, माझं स्पष्ट मत आहे, सॉक काढूनच ठेवा आणि गाळाचं काम स्किमरवर, म्हणजे बुडबुड्यांना मळ चिकटवून तो फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्रावर, आणि पाणी बदलण्यावर सोपवा. तुंबलेल्या सॉकपेक्षा रिकामी रिंग परवडते. आपोआप पुढे सरकणाऱ्या कापडाचे रोलरही आता मिळतात. ते मळ खरोखर पाण्याबाहेर नेतात, पण महाग पडतात.

२०० या आकड्याला समुद्रविज्ञानातही महत्त्व आहे. २०० मायक्रॉनपासून २० मिलिमीटरपर्यंतच्या तरंगत्या जीवांना मध्यम आकाराचे प्राणीप्लवक म्हणतात, आणि ते गोळा करायला २०० मायक्रॉनची जाळी सर्रास वापरली जाते. गोव्यात दोना पावलला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली सुरू झाली, तीच मुळी हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या पाठोपाठ, आणि प्लवकांचा अभ्यास हा त्या मोहिमेचा मोठा भाग होता. म्हणजे तुमच्या संपमधला सॉक हे एक छोटं प्लवकजाळंच आहे. टँकमध्ये कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी प्लवक, मुद्दाम वाढवत असाल, मँडरिनसारखा मुख्यतः तेच टिपणारा मासा पाळला असेल, तर त्याचं खाणं सॉकमध्ये जमा होतं आहे हे लक्षात घ्या. रात्री कोपेपॉड खडकांतून बाहेर पडतात. तेवढ्या वेळापुरता सॉक काढून ठेवणारे काही जण आहेत, आणि ते मला पटतं.

धुण्याची सुरुवातही याच जिवांपासून करावी. टँकचं काढलेलं खारं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या आणि सॉक उलटा करून त्यात दोन-तीनदा हळू खळबळा. पाणी चहासारखं होतं. पाच मिनिटं थांबलात की तपकिरी गाळ खाली बसतो आणि त्यावरून वाकड्या पाठीचे अँफिपॉड आडवे सुरकांडी मारताना दिसतात. पांढरे ठिपके झटके देत फिरतात, ते कोपेपॉड. पिपेटने उचलून त्यांना टँकमध्ये परत सोडा. हेच नळाच्या गोड्या पाण्याखाली केलं, तर पाणी त्यांच्या शरीरात शिरून ते मरतात.

मग नळ पूर्ण सोडून, जोरदार धारेखाली सॉक उलटाच धरायचा. गाळ अडकलेल्या बाजूवर धार सरळ न मारता तिरकी मारा, नाहीतर कण धाग्यांत आणखी खोल जातात. रिंगजवळच्या शिवणीतून बोट फिरवा. कापड स्वच्छ दिसलं तरी तिथे बुळबुळीत थर लागतोच.

फेल्टचा सॉक यानंतर ब्लीचच्या पाण्यात भिजवता येतो. बिनवासाचं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, काही तास. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट उरलेल्या सेंद्रिय थराचं ऑक्सिडीकरण करतं. गाळ आधी नीट काढायचा तो यासाठीच, नाहीतर ब्लीचचा जोर गाळावरच संपतो. उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं ब्लीच निकामी होतं, म्हणून बाटली सावलीत ठेवा. नायलॉनच्या जाळीला ब्लीच दाखवू नका, क्लोरीनने नायलॉन ठिसूळ होतं. तिला गरम पाणी आणि ब्रश पुरे. कडांवर पांढरे थर जमले असतील तर ते कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये ते बुडबुडे काढत विरघळतात. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो बंद मोरीत जिवावर बेततो. दोन्ही करायचंच असेल तर वेगवेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाण्याने धुऊन.

ब्लीचनंतर खळखळून धुवा आणि सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात बुडवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला टँकवाले जे औषध वापरतात, ते बहुधा हेच असतं. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्याशिवाय सॉक परत लावायचा नाही.

कपड्यांचा साबण मात्र कधीही नको. स्किमर चालतो तो बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या रेणूंवर, आणि साबणाचे रेणू नेमके त्याच जातीचे. फेल्टमध्ये थोडासा जरी उरला तरी स्किमरचा कप फेसाने भरून वाहतो. मशीनमध्ये धुवायचेच असतील तर पावडरीचा कप्पा आधी धुऊन घ्या आणि एक फेरी जादा पाण्याची द्या. नवा कोरा सॉकही पाण्यातून काढूनच लावावा.

वाळवणं उन्हाळ्यात सोपं. कडक उन्हात फेल्ट दिवसभरात वाळतो आणि उरलासुरला क्लोरीनही उन्हाने मोडतो. जून ते सप्टेंबर मात्र पंचाईत. व्हरांड्यात टांगलेला सॉक चार-चार दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा आणि जादा जोड हाताशी ठेवा, म्हणजे अर्धवट वाळलेला सॉक घाईने लावायची वेळ येत नाही.

पावसाळ्याची आणखी एक गोष्ट. समुद्र हाकेच्या अंतरावर म्हणून बारीक सॉकमधून गाळून समुद्राचंच पाणी वापरायचा मोह गोव्यात होतोच. सॉक गाळ अडवतो, क्षार वाढवत नाही. मांडवी आणि झुआरीच्या मुखाजवळ पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा खूप खाली येतो, आणि प्रवाळांना लागतो तो दर हजारी ३५ भागांच्या आसपास. त्या महिन्यांत मिठाचं तयार मिश्रणच वापरावं.

सॉक टाकून कधी द्यायचा? धुऊन वाळवलेल्या सॉकमध्ये मगभर पाणी ओता. नव्यातून ते लगेच उतरतं. जुन्यात ते साचून थेंब-थेंब गळायला लागलं, तर धाग्यांमधल्या जागा कायमच्या बुजल्या आहेत. ब्लीच वाया घालवू नका, रिंग काढून ठेवा आणि कापड टाकून द्या.