कॉमेडियन (मांडणशिल्प)

इटालियन कलावंत मौरित्सिओ कातेलान (जन्म १९६०, पादुआ) यांचे २०१९ सालचे मांडणशिल्प. पांढऱ्या भिंतीवर करड्या, रुंद चिकटपट्टीने तिरके चिकटवलेले एक पिकलेले केळे, एवढेच डोळ्यांना दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये मायामी बीच इथल्या आर्ट बासेल या कलामेळ्यात पेरोतँ या कलादालनाने ते मांडले, तेव्हा त्याची किंमत होती १,२०,००० डॉलर. संकल्पनकलेच्या, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेलाच कलाकृती मानणाऱ्या कलेच्या, बाजाराची खिल्ली उडवणारी आणि त्याच बाजारात सर्वाधिक गाजलेली ही कलाकृती आहे.

ती समजून घ्यायची तर गिऱ्हाइकाच्या हाती नेमके काय पडते, ते पाहावे लागते. केळे आठवड्याभरात काळे पडते, त्यामुळे केळ्याला इथे फारसे मोल नाही. मोल आहे ते प्रमाणपत्राला आणि सोबतच्या तपशीलवार सूचनापत्राला. केळे जमिनीपासून १७५ सेंटीमीटर उंचीवर लावायचे आणि सात ते दहा दिवसांनी बदलायचे, असे त्यात सांगितलेले आहे. अशा तीन प्रती आणि कलावंताच्या स्वतःच्या दोन, इतकीच तिची मोजदाद. कोपऱ्यावरच्या गाडीवरून केळे आणून आपण घरच्या भिंतीवर हुबेहूब तसेच चिकटवू शकतो, पण कागद नसेल तर ते ‘कॉमेडियन’ नव्हे. कातेलान यांनी बोट ठेवले आहे ते नेमके इथे. संकल्पनकलेने वस्तूचे महत्त्व कमी करून कल्पनेला मान दिला, तेव्हा तरी कला दुकानातून सुटेल अशी आशा अनेकांना होती. बाजाराने वस्तू सोडली आणि मालकीहक्काचा कागद धरला.

ही परंपरा जुनी आहे. मार्सेल द्यूशाँ यांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून पाठवले होते. प्येरो मान्झोनी यांनी १९६१ मध्ये ९० डबे सीलबंद केले. प्रत्येक डब्यात कलावंताची ३० ग्रॅम विष्ठा असल्याचे लेबल होते आणि किंमत त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने. यातला एक डबा २०१६ मध्ये मिलानच्या लिलावात २,७५,००० युरोंना गेला. टीका जितकी बोचरी तितका तिचा भाव चढा, हा अनुभव त्यामुळे कातेलान यांच्या आधीपासूनचा आहे.

स्वतः कातेलान या खेळात मुरलेले आहेत. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, मिळालेली जागा त्यांनी एका जाहिरात संस्थेला भाड्याने दिली आणि तिथे अत्तराची जाहिरात लागली. १९९९ मध्ये मिलानला त्यांनी आपल्या कलाविक्रेत्यालाच चिकटपट्ट्यांनी भिंतीला चिकटवून टाकले. वीस वर्षांनी त्याच पट्टीखाली केळे आले, म्हणून ‘कॉमेडियन’ ही एका दिवसाची हुक्की मानणे चुकीचे ठरेल.

मायामीत ७ डिसेंबरला डेव्हिड दातुना या कलावंताने भिंतीवरचे केळे काढून सर्वांसमोर खाल्ले. दालनाने थोड्याच वेळात दुसरे केळे लावले, पण गर्दी आवरेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी मांडणी उतरवावी लागली. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या लीउम संग्रहालयात एका विद्यार्थ्याने केळे खाऊन रिकामी साल पुन्हा पट्टीखाली चिकटवून ठेवली. त्या सालीने मूळ कृतीत खरी भर घातली असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण भिंतीवर प्रथमच उरले ते फक्त खाल्ल्याचे चिन्ह. संग्रहालयाने तिथे नवे केळे लावले. एक प्रत २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाला देणगीदाखल मिळाली.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात एक प्रत आली. अंदाज होता १० ते १५ लाख डॉलरचा. हातोडा पडला तो ५२ लाखांवर आणि शुल्क धरून रक्कम झाली सुमारे ६२ लाख डॉलर. घेणारे होते कूटचलनाच्या (क्रिप्टोकरन्सीच्या) व्यवसायातले उद्योजक जस्टिन सन. भिंतीवरचे केळे लिलावगृहाबाहेरच्याच फळगाडीवरून ३५ सेंटला घेतलेले होते. ते विकणारा बांगलादेशातून आलेला वृद्ध माणूस तासाला १२ डॉलर मजुरीवर बारा-बारा तास उभा राहत असे. आपल्या केळ्याचे पुढे काय झाले, हे त्याला एका पत्रकाराने सांगितले तेव्हा कळले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. या कलाकृतीवर इतके लिहिले गेले, तरी ती कुणाची थट्टा करते या प्रश्नाला त्या अश्रूंइतका थेट भिडणारा मजकूर सापडत नाही. प्रमाणपत्रात या माणसाला जागा नाही. तशी ती ठेवण्याचा विचारही संकल्पनेत नव्हता, आणि बाजारावरच्या टीकेतली ही मोठी उणीव आहे.

सन यांनी २९ नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर केळे खाल्ले. त्या गाडीवरून एक लाख केळी घेण्याची घोषणाही त्यांनी केली. गाडी मात्र त्या वृद्धाची नव्हती, तो तिथे पगारी नोकर होता.